एकशे बारा पावलं

भट्टीपासून लॅबपर्यंत एकशे बारा पावलं.
मोजलीत मी.
सेफ्टी बूट नवे होते तेव्हा एकशे अठरा भरायची.

अण्णाप्पा मगदूम चिमट्यात नमुना धरून यायचा,
पाण्यात बुडवूनही वाफाळणारं, नाण्याएवढं लोखंड.
वाटेत कोअर शॉप, वाटेत फोर्कलिफ्ट,
वाटेत चहाच्या किटलीपाशी कोणीतरी,
"काय गा, कुठं पळालास?"
मग ते घासायचं, मग आर्गॉन, मग ठिणगी,
मग पडद्यावर कार्बन, सिलिकॉन, गंधक.
मग मी फोन करायची.
शिरोलीच्या भट्टीवर फोन कुणाला ऐकू येतोय?
मग चिठ्ठी घेऊन मीच,
एकशे बारा पावलं.

तोवर लॅडल रिकामं.
मॅग्नेशियम कुणासाठी थांबत नाही,
दहा मिनिटांत उडून जातं.
आमचा रिपोर्ट म्हणजे वरातीमागून घोडं,
तेही सही-शिक्क्यासकट.

पुण्याहून साहेब आले, हातात स्टॉपवॉच.
तीन दिवस माझ्या खुर्चीमागं उभे.
मी शिंकले तरी नोंद.
माझ्या कामाचे त्यांनी सतरा खाने केले,
एका खान्याचं नाव 'वाया'.
त्यात सात मिनिटं, वीस सेकंद.
त्यातली दोन मिनिटं
मी दस्तगीर चाचांपाशी थांबायची.

दस्तगीर मुजावर, फायनल इन्स्पेक्शन.
पाव किलोची हातोडी, दांडा बाभळीचा,
घामानं काळा झालेला.
प्रत्येक कास्टिंगला एकच टोला.
टण्ण : डावीकडं.
भद्द : उजवीकडं, वर लाल खडू.
"कुंभाराकडं मडकं घेताना आई काय करती तुझी?
त्येच की हे."

साहेबांचा अहवाल सेहेचाळीस पानी :
नवी लॅब, नवं सॉफ्टवेअर, आणि चाचांच्या जागी
आवाज ऐकणारं मशीन.
मालकांनी तो दोनदा वाचला
आणि कपाटात ठेवला.
चाचा म्हणाले, "आणा की मशीन.
मला बी बघायचंय, त्येला काय ऐकू येतंय."

भिंतीचं मात्र अण्णाप्पाला सुचलं.
"मॅडम, तुमच्या टेबलाच्या मागंच तर भट्टी हाय.
आपण उगं वळसा घालतोय."
पाच वर्षं मी त्या भिंतीला पाठ लावून बसले होते.
उन्हाळ्यात ती तापायची, तेव्हाही कळलं नाही.

सोमवारी सुट्टीला नागावचा गवंडी आला,
वीतभर रुंद भोक, त्यात तिरका पाइप.
आता नमुना घरंगळत येतो,
माझ्या ताटलीत खणकन पडतो.
मी बटण दाबते, पलीकडं हिरवा दिवा.
अकरा मिनिटांची चार झाली.
उरलेल्या सातांत
मला गेजांची रजिस्टरं दिली.

अण्णाप्पाचं तोंड दिसत नाही हल्ली,
नुसतं हातमोज्याचं टोक.
थोरलीच्या लग्नाचं पेढा वाटून झाल्यावर कळलं.

आणि परवा रात्रपाळीत,
सगळे आकडे बरोबर, दिवा हिरवा,
तरी चाचांचा खडू उठला. सहा नग, ओळीनं.
मी तुकडा कापला, घासला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला.
गोल दाण्यांच्या जागी किड्यांसारख्या रेघा.
लॅडलच्या तळाचं लोखंड ते,
नमुना वरचा, सुरुवातीचा.
ठिणगी खरं बोलली होती,
मीच तिला अर्धं विचारलं होतं.
आता शेवटच्या साच्याचाही नमुना घेते.
चारची पाच मिनिटं झाली.
पुण्याला कळवलेलं नाही.

मार्चमध्ये चाचा रिटायर होणार.
डावा कान गेलाय, उजवा पुढं करतात.
काल त्यांनी हातोडी माझ्या हातात दिली,
"हाण."
हाणला.
"काय म्हणतंय?"

मागं मोल्डिंग मशीन धडधडत होतं.
मी पुन्हा हाणला.
ते थांबून राहिले,
स्टॉपवॉच नसलेल्या माणसासारखे.